दाजींची चौकशी

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि मी एकाच ठिकाणी नोकरी करतो हे कळलं की लोक म्हणतात, मग काय, घरचंच राज्य! मी हसून सोडून देते. आमच्या कंपनीत मी नवं गिऱ्हाईक शोधून आणते आणि दाजी ते घालवतात. ‘घालवतात’ हा शब्द ताईला आवडत नाही, म्हणून तिच्यासमोर मी ‘पारखून घेतात’ असं म्हणते.

आमचा धंदा थंड पेयांच्या घाऊक विक्रीचा. सोडा, फळांचे रस, बाटलीबंद पाणी. गोदामात पाऊल टाकलं की चपला फरशीला चिकटतात, कारण रोज कुठे ना कुठे एखादी बाटली फुटतेच आणि साखरेचं पाणी कितीही पुसलं तरी पुरतं निघत नाही. दिवसभर क्रेटचा खळखळाट चालू असतो. एका अंगाला लोखंडी जिना, वर काचेची केबिन, आणि केबिनमध्ये दाजी. या धंद्यात दुकानदार माल आज नेतो आणि पैसे पुढच्या महिन्यात देतो. नव्या दुकानदाराला अशी उधारी द्यायची की नाही, ते दाजी ठरवतात. त्यांची सही झाल्याशिवाय गोदामातून बाटलीचं बूचसुद्धा बाहेर पडत नाही. एकदा मालकांनी त्यांना डावलून आपल्या ओळखीच्या हॉटेलवाल्याला माल दिला होता आणि तो हातावर तुरी देऊन पसार झाला. तेव्हापासून मालकही जिन्याखाली उभे राहून, ‘झाली का हो सही?’ असं अदबीने विचारतात.

दाजींचं उत्तर ठरलेलं: ‘बघतो.’

नाही असं ते कुणालाच म्हणत नाहीत. होही म्हणत नाहीत. गोदामातली पोरं त्यांना पाठीमागे बघतोसाहेब म्हणतात. दाजींना ते ठाऊक आहे, आणि मला वाटतं त्यांना मनातून आवडतंही.

त्यांची बघायची एक पद्धत आहे. बँकेचे कागद, परवाना, भाडेकरार वगैरे ते चाळतात, पण त्यावर त्यांचा जीव नसतो. ते त्या दुकानात जाऊन बसतात. एकदा गर्दीच्या वेळी, एकदा सामसूम असताना. ‘गर्दीत सगळेच चांगले दिसतात. माणूस रिकाम्या दुकानात कळतो,’ असं त्यांचं म्हणणं. रिकाम्या दुकानात मालक टेबल पुसतो की माश्या मारतो, हे पाहायचं. मग शेजारच्या दोनतीन दुकानांत शिरायचं, काहीतरी बारीकसारीक विकत घ्यायचं आणि बोलता बोलता विचारायचं, शेजारी कसा आहे हो? शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण दाजी शीत न् शीत चिवडून पाहणार. स्कूटर चालवायची त्यांना भीती वाटते, त्यामुळे हे सगळं बसने आणि पायी. पावसाळा असो की उन्हाळा, बगलेत छत्री. एकेका चौकशीला आठवडा सहज जातो, कधी दोन.

आणि तोवर काय होतं, ते मला विचारा. पुलापलीकडे आमच्यासारखाच दुसरा घाऊकवाला आहे. त्याची पोरं दुकानात शिरतात, दुकानदाराशी हात मिळवतात, फोनवर काहीतरी टिकटिक करतात आणि संध्याकाळी माल आणून टाकतात. नुसता माल नाही, वर कंपनीच्या रंगाचा उभा फ्रिजही देतात. आता लहान दुकानात फ्रिजला जागा असते एकच. ती एकदा गेली की गेली. ज्याचा फ्रिज त्याचं दुकान. पुढे आमचा माल स्वस्त असो, नाहीतर आम्ही सोन्याच्या बाटल्यांत सोडा भरून देऊ, ठेवायला जागाच नसते.

बेकरीवाल्या बाईंचं सांगते. त्यांच्या मागे मी महिनाभर होते. शेवटी त्या तयार झाल्या. कागद दाजींकडे गेले, दाजी ‘बघतो’ म्हणाले. बाईंनी एकदा फोन केला, दोनदा केला, तिसऱ्यांदा त्यांनी केलाच नाही. मग एके दिवशी दाजी सामसूम वेळ साधून बेकरीत जाऊन बसले. बाईंनी टेबल पुसलं, पाणी दिलं आणि पुलापलीकडच्यांच्या कोऱ्या करकरीत फ्रिजमधून त्यांचीच बाटली काढून दाजींसमोर ठेवली. दाजींनी ती शांतपणे प्यायली, पैसे दिले, बसने परत आले आणि कागदावर सही केली. मला म्हणाले, ‘मंजूर. बाई फार चांगली आहे.’

मी म्हटलं, ‘दाजी, बाई चांगली आहे, पण ती आता आपली नाही.’

‘नसू दे. चांगली आहे ते खोटं का लिहू?’

या माणसावर चिडायचं तरी कसं? मी चिडते, तो भाग वेगळा. वरातीमागून घोडं, दुसरं काय! पण चिडून झालं की मला ताईचं शिवणयंत्र आठवतं. लग्नानंतर दाजींचं स्वतःचं दुकान होतं, सिनेमागृहाच्या दाराशी. तेव्हाच्या घाऊकवाल्याने त्यांना एका शब्दाने न विचारता उधारीवर माल दिला. जेवढा मागितला त्याच्या दुप्पट दिला. दाजी हुरळून गेले. मग सिनेमागृह दुरुस्तीसाठी बंद झालं, बाटल्यांवरच्या तारखा उलटल्या आणि दुकान बसलं. ताईचं शिवणयंत्र विकावं लागलं, ते दोन माणसं उचलून नेत असताना मी दारात उभी होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण दाजींचं तेवढंच नाही. ते स्वतःचं ताक फुंकत नाहीत, दुसऱ्याचं फुंकतात. ‘मला तेव्हा कुणी चार प्रश्न विचारले असते तर मी थोडाच माल घेतला असता,’ असं ते म्हणतात. समोरचा दुकानदार बुडू नये, ही त्यांची खरी काळजी. कंपनीचे पैसे त्याच्यानंतर येतात. हे मालकांना मी अजून सांगितलेलं नाही.

तर असे आमचे दाजी. आणि एक दिवस त्यांच्या केबिनमध्ये त्यांच्याच मुलीचे कागद आले.

माझी भाची एका विमा कंपनीत होती. चांगली नोकरी, चांगली खुर्ची. ती सोडून तिने पोहण्याच्या तलावासमोर एक छोटं उपाहारगृह घ्यायचं ठरवलं. चहा, सँडविच, थंड पेयं. हे तिने घरी सांगितलं तेव्हा ताई रडली आणि दाजी ‘बघू’ म्हणाले. यापलीकडे ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत. बापलेकीत बोलाचाल होती, पण दुकानाचा विषय आला की दोघंही आमटीत मीठ शोधायला लागायची.

भाची मला भेटायला गोदामात आली. कपाळावर रंगाचा ठिपका, नखांत चुना. साठवलेले पैसे अनामत रकमेत, रंगात आणि टेबलांत गेले होते. आता फ्रिज आणि पहिला माल उधारीवर हवा होता. उन्हाळ्यासाठी तलाव रविवारी उघडणार होता. तलावातून बाहेर आलेल्या पोराला तहान लागते तेव्हा ते आईचा हात जिकडे ओढता येईल तिकडे ओढतं. त्या पहिल्या रविवारी तिचा फ्रिज रिकामा असला तर पोरं समोरच्या, पैसे टाकले की बाटली देणाऱ्या यंत्रातून बाटल्या घेणार आणि वर्षभर तिथेच जाणार.

मी म्हटलं, ‘बाई गं, तू पुलापलीकडे जा. उद्या माल येईल.’

‘ते दोनदा येऊन गेलेत मावशी. मी नको म्हटलं.’

‘का?’

ती थोडा वेळ क्रेटवरचं लेबल खरवडत राहिली. ‘बाबांनी सही केली की मला कळेल, त्यांना पटलंय. तोंडाने ते कधी म्हणणार नाहीत. सहीच करतील. आणि तू मध्ये पडू नकोस हं. घाई करा म्हणून सांगू नकोस. जसं सगळ्यांचं करतात तसं माझं करू देत.’

म्हणजे तिला माल हवा होता, पण मालापेक्षा बापाची सही हवी होती. शनिवारी दुपारी आमचा शेवटचा ट्रक निघतो. तोपर्यंत सही झाली तर दोन्ही मिळणार होतं.

मी कागद घेऊन जिना चढले. दाजींनी नाव वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचलं. मग तो अर्ज उचलून गठ्ठ्याच्या अगदी तळाशी ठेवला.

‘दाजी, रविवारी तलाव उघडतोय.’

‘घरचं म्हणून वर घेतलं, असं कुणी म्हणायला नको.’

‘कोण म्हणणार आहे? इथे मी आणि तुम्हीच आहोत.’

‘मी म्हणेन ना,’ ते म्हणाले.

पण त्या आठवड्यात दाजींनी जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. तळाला जायला वेळ लागतो म्हणून त्यांनी वरचे अर्ज भराभरा उरकले. दोन दिवसांत इतक्या सह्या झाल्या की मालक वर येऊन त्यांच्या तब्येतीची विचारपूस करून गेले. बुधवारी सकाळी दाजी छत्री घेऊन निघाले. मी खिडकीतून पाहिलं, ते तलावाकडच्या बसमध्ये चढत होते.

मला वाटलं, मुलीच्या दुकानात बसायला चाललेत. पण तसं ते करू शकत नव्हते. तिने ओळखलं असतं. मग ते गेले शेजारच्या शिंप्याकडे. आपण कोण हे न सांगता पॅन्टचा काठ शिवायला दिला आणि विचारलं, ‘शेजारी नवीन बाई आलीय म्हणे. कशी आहे?’

दुपारी परत आले ते जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढत. त्यांच्या गुडघ्यांना हे परवडत नाही. मला हाक मारून आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

‘शिंपी काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, बाई उजाडायच्या आत येते. रंगाऱ्याने पैसे मागायच्या आधीच त्याच्या हातात ठेवले. आणि शिंप्याचं दुकान धुळीने भरेल म्हणून तिने भिंतींचं घासकाम सगळं त्याच्या सुट्टीच्या दिवशी करून घेतलं. सांगून नाही हं, गुपचूप. त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.’

‘दाजी, ती तुमची मुलगी आहे.’

‘तेच तर. हे मला माहीत नव्हतं.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिला. मी म्हटलं, ‘मग झालं तर. करा सही.’

‘एकट्या शिंप्यावर कशी करू? नियम दोघातिघांचा आहे.’

गुरुवारी ते औषधांच्या दुकानात गेले. नको असलेल्या खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, बाईने आल्या आल्या विचारलं की माझ्या दारात तुमची गिऱ्हाईकं गाडी लावतात का, तसं असेल तर मी टेबलं आत घेते. गुरुवारीच ते किल्लीवाल्याकडे गेले आणि घराच्या किल्लीची आणखी एक किल्ली करून आणली. किल्लीवाला म्हणाला, ‘पोरगी हसून बोलते, पण भाव पाडत नाही. म्हणते, तुमच्या कामाची किंमत तुम्हालाच माहीत.’ हे सांगताना दाजींनी ती किल्ली टेबलावर अशी ठेवली, जणू कुणी त्यांना बक्षीस दिलं होतं.

‘झाले ना तिघं?’ मी म्हटलं.

‘झाले. पण तलावावर झाडलोट करणाऱ्या एक बाई आहेत. त्या रोज तिच्याकडे चहा पितात, असं किल्लीवाला म्हणत होता. त्यांना विचारायला हवं. अशा माणसाशी कसं वागते त्यावरून खरं कळतं.’

शुक्रवारी त्या बाईंना विचारून झालं. त्या म्हणाल्या, चहा फुकट देत नाही हो, पण बसायला खुर्ची देते, आणि मी उठेपर्यंत उठवत नाही. दाजी हे तीनदा बोलले. एकदा मला, एकदा मालकांना, आणि एकदा खाली क्रेट मोजणाऱ्या माणसाला, ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. चेहरा असा की मला माझ्या भाचीच्या बारशाचा दिवस आठवला. तेव्हाही दाजी येईल त्याला, ‘कुणासारखी दिसते?’ असं विचारत फिरत होते.

‘दाजी,’ मी शेवटी कमरेवर हात ठेवून म्हटलं, ‘चौकशी संपलीय. तुम्ही आता नुसतं कौतुक ऐकत फिरताय.’

‘छे. काहीतरीच काय!’ ते म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले. ‘उद्या एकच राहिलाय. पोहायला शिकवणारे मास्तर सध्या पोरांची नावं नोंदवायला फक्त शनिवारी येतात. सकाळी जातो, ट्रक निघायच्या आत येतो. मग सही.’

तेव्हाच मी त्यांचा हात धरून सही करून घ्यायला हवी होती, असं ताई म्हणते. तिला म्हणावं, तू संसार केलास त्यांच्याबरोबर, तुला कधी जमलं का?

शनिवारी मी भाचीचा माल काढून ठेवला. फ्रिज पुसून ट्रकच्या कडेला आणून उभा केला. ड्रायव्हर चांगला माणूस, तो थांबला. एकदा चहा प्यायला, दुसऱ्यांदा प्यायला. मी दाजींना फोन लावला आणि तो केबिनमध्ये टेबलाच्या खणात वाजला. त्यांना रस्त्यात फोन हरवायची भीती वाटते, म्हणून ते बाहेर जाताना तो खणात ठेवून जातात. मालक खाली उभे होते. मी म्हटलं, ‘तुम्ही सांगा ना, जाऊ दे म्हणून.’ मालकांनी वर काचेकडे पाहिलं, त्यांना तो पळालेला हॉटेलवाला आठवला असावा, आणि ते म्हणाले, ‘त्यांच्या मुलीच्या कागदावर मी त्यांच्याऐवजी सही केली, तर ते मला आयुष्यात माफ करणार नाहीत.’ ते खरंच होतं. बाकीची दुकानं खोळंबली होती. ट्रक फ्रिजशिवाय गेला.

दाजी आले ते उन्हाने तांबडे होऊन, छत्री उघडायची विसरून. मास्तर उशिरा आले होते. पण आले होते. ‘मास्तर काय म्हणाले ऐक,’ असं म्हणत त्यांनी पेन काढलं आणि उभ्या उभ्याच सही ठोकली. मग त्यांना खिडकीतून तो फ्रिज दिसला. एकटाच, गोदामाच्या मधोमध.

त्यांच्यासमोरच मी भाचीला फोन लावला. म्हटलं, ‘सही झालीय गं. सोमवारी पहिल्या गाडीने...’

‘राहू दे मावशी,’ ती म्हणाली. ‘पुलापलीकडच्यांचा फ्रिज बसला सुद्धा. मीच बोलावलं त्यांना.’ मग म्हणाली, ‘शिंपी सांगत होता, एक छत्रीवाले गृहस्थ माझी चौकशी करून गेले. औषधवालाही तेच म्हणाला. इतकी वर्षं मी त्यांच्या घरात राहिले गं. सरळ नाही म्हणायचं होतं ना, मला चाललं असतं.’

मी फोन ठेवला. दाजींनी काय म्हणाली ते विचारलं नाही. खोली लहान आहे, ऐकू गेलंच होतं.

सोमवारी दाजींनी मालकांसमोर नवी पद्धत मांडली: नव्या गिऱ्हाईकाला मागेल त्या दिवशी थोडा माल आणि फ्रिज द्यायचा, एवढा थोडा की बुडाला तरी कुणाचं घर उठणार नाही, आणि चौकशी मागाहून करून मग उधारी वाढवायची. आता तसंच चालतं आणि माझी गिऱ्हाईकं टिकतात. मालक ही पद्धत स्वतःची म्हणून सांगतात. पण ते नंतरचं. मला सांगायचाय तो रविवार.

रविवारी आम्ही तिघं गेलो. ताई नवी साडी नेसली होती आणि मधूनमधून दाजींकडे रागाने पाहत होती. तलावातून पोरं ओल्या केसांनी, टॉवेल खांद्यावर टाकून सुटत होती आणि थेट भाचीच्या दारात येत होती. आत पुलापलीकडच्यांचा फ्रिज झगमगत होता. त्याचं दार मिटायलाही उसंत नव्हती. भाचीने आईला मिठी मारली, मला खुर्ची दिली आणि बापाला म्हणाली, ‘बसा.’ जशी कुठल्याही गिऱ्हाईकाला म्हणते तशी.

दाजी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. गर्दीच्या वेळी त्यांनी पाहिलं आणि गर्दी ओसरल्यावरही पाहिलं. दुकान रिकामं झालं तेव्हा भाची फडकं घेऊन टेबलं पुसत पुसत त्यांच्यापर्यंत आली. मी आणि ताई श्वास रोखून सँडविच खात होतो.

‘काय कळलं मग चौकशीत?’ तिने विचारलं. डोळे टेबलावर.

दाजींनी सांगितलं. घासकामाचं सांगितलं, गाड्यांचं सांगितलं, किल्लीवाल्याचं आणि झाडणाऱ्या बाईंच्या खुर्चीचं सांगितलं. मास्तर काय म्हणाले ते मीही तेव्हाच ऐकलं: गेल्या शनिवारी नाव नोंदवायला आलेलं एक पोरगं तलावाच्या दारात आईची वाट पाहत उभं होतं, तर हिने दुकानाला कुलूप लावलं आणि आई येईपर्यंत त्याच्याबरोबर उभी राहिली. दाजी सगळं क्रमाने सांगत होते, एकही शब्द न गाळता. भाचीचं फडकं एकाच जागी फिरत होतं.

‘एवढं सगळं चांगलं कळलं,’ ती म्हणाली, ‘तर मग सही का नाही केलीत?’

दाजींनी घसा खाकरला. ‘बुधवारीच करणार होतो. शिंप्याचं ऐकलं तेव्हाच. पण...’ त्यांनी टेबलावरचा ओला डाग आपल्या हाताने पुसला. ‘ऐकायला फार बरं वाटत होतं गं. सही केली असती तर विचारायचं निमित्त संपलं असतं.’

ताईचं सँडविच हातातच राहिलं. भाचीने समोरची खुर्ची ओढली आणि दाजींसमोर बसली.

‘सगळ्यांना विचारलंत. तुम्हाला कुणी विचारलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?’

मला वाटलं, आता ‘बघतो’ येणार.

‘मी जामीन राहिलो असतो,’ दाजी म्हणाले. लगेच म्हणाले. ‘म्हटलं असतं, हिला हवा तेवढा माल द्या. बुडाला तर माझ्या पगारातून कापा. शेवटपर्यंत कापा.’

भाचीचे डोळे भरून आले. तिने ते फडक्यानेच पुसले, टेबल पुसायच्या त्याच फडक्याने.

‘हे मला काल सकाळी हवं होतं, बाबा.’

‘हो,’ दाजी म्हणाले.

पुन्हा पोरांचा एक लोंढा तलावातून सुटला आणि ती उठून गल्ल्याकडे गेली. दाजींनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि पुलापलीकडच्यांच्या रिकाम्या बाटल्या टेबलांवरून गोळा करायला सुरुवात केली. तिने त्यांना थांबवलं नाही.